पी.टी.चा तास आणि मुलांचा आत्मविश्वास

पालकसभा संपत आली की कोणीतरी हळूच जवळ येतं. "मॅडम, घरी नुसती बडबड चालू असते, पण वर्गात तोंड उघडत नाही. जरा कॉन्फिडन्स वाढवा ना तिचा." यावर माझं उत्तर ठरलेलं असायचं. वक्तृत्व स्पर्धेत नाव घालू, परिपाठात सुविचार सांगायला उभं करू. आणि मुलीला, "तुला जमेल गं, घाबरतेस काय?"

आता वाटतं, आपण सुरुवातच चुकीच्या टोकाने करतो. सुरुवात जिभेपासून नको, हातापायांपासून हवी.

काही वर्षांपूर्वी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. परिपाठाला उभी केली की हातातली वही थरथरायची आणि आवाज घशातच राहायचा. त्या वर्षी आमच्या पी.टी.च्या सरांनी एक सवय लावली. प्रार्थना झाली की पाच मिनिटं दोरीउड्या. न अडखळता किती झाल्या तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकाने स्वतः लिहायचा. दुसऱ्याचा आकडा विचारायचा नाही. पहिल्या दिवशी हिच्या झाल्या चार. मुलं हसली. मी असते तर "राहू दे, तू बस" म्हणाले असते. सर म्हणाले, "चार? लिही."

मग नऊ, सात, पंधरा असं चाललं. दिवाळीपर्यंत साठ. सुट्टीनंतर एकदम एकतीसवर घसरली, तेही तिने लिहिलं. फेब्रुवारीत एकशे बारा. त्याच सुमारास एका सकाळी म्हणाली, "बाई, आज बातम्या मी वाचू?" आवाज काही खणखणीत नव्हता, वही थोडी थरथरतच होती, पण मध्येच थांबली नाही. सगळं श्रेय दोरीला द्यायचं नाही मला. तिला त्या वर्षी एक चांगली मैत्रीणही मिळाली होती. पण ते शेवटचं पान मी विसरलेले नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं की 'मला हे जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून दाखवल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहून, कोणी धीर दिल्याने, आणि आपल्या शरीराच्या अवस्थेचा आपण काय अर्थ लावतो त्यावरून. यात सगळ्यात पक्की वाट पहिली. आपण शिक्षक मात्र तिसरीवर सगळी भिस्त ठेवतो! चौथीकडे तर लक्षच जात नाही. रोज दोरीउड्या मारणाऱ्या मुलीला छाती धडधडणं ओळखीचं असतं. स्टेजवर तीच धडधड झाली तर तिला ते संकट वाटायचं कारण उरत नाही.

झटपट उपायही निघाले होते. दोन मिनिटं रुबाबदार पवित्रा घेतला की शरीरातली हार्मोन्स बदलतात, असा एक अभ्यास 2010 मध्ये आला आणि खूप गाजला. 2015 मध्ये जास्त लोकांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा हार्मोन्समध्ये फरक दिसला नाही. लोकांना फक्त तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पुढच्याच वर्षी मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनेही आपला त्यावर विश्वास राहिला नसल्याचं जाहीर केलं. रुबाब दोन मिनिटांत आणता येतो. चारावरून एकशे बारावर जायला शाळेचं जवळजवळ अख्खं वर्ष लागलं.

अर्थात पी.टी.च्या तासातच आत्मविश्वास मोडलेली मुलंही मी पाहिली आहेत. खो-खोचे संघ पाडताना दरवेळी शेवटी उरणारा मुलगा आठवा. आणि गृहपाठ नाही म्हणून वर्गासमोर उठाबशा! व्यायामालाच आपण शिक्षा करून टाकलं, मग त्याची गोडी कशी लागणार? हे मीही केलं आहे. आता बंद केलं.

पालकांनाही एक सांगायचं आहे. शाळेच्या गेटपासून वर्गापर्यंत दप्तर तुम्ही कशाला उचलता? ते फारच जड असेल तर आमच्याशी भांडा, वजन कमी करायला लावा. पण मग ते मुलालाच नेऊ द्या. सकाळी अंथरुणाची घडी त्याची त्याला घालू द्या. वाकडी झाली तरी नीट करायला जाऊ नका.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं चांगली हालचाल हवी म्हणते. आमच्या वेळापत्रकात पी.टी.चे तास मोजकेच, आणि परीक्षा जवळ आली की त्यांच्यावर पहिली धाड गणिताची. गणित मीच शिकवते, त्यामुळे चोर कोण ते वेगळं सांगायला नको.

या आठवड्यात गुरुवारचा शेवटचा तास पी.टी.चा आहे. शिष्यवृत्तीचे तीन सराव पेपर अजून सोडवून घ्यायचे आहेत. मुख्याध्यापकांनी विचारलं, "गुरुवारचा तास देऊ का तुम्हाला?" मी म्हटलं, "नको सर, मी शनिवारी शाळा सुटल्यावर थांबते."