घरच्या खाण्यापुरती ज्वारी

महसूल खात्याच्या कारकुनींत सातबाराचे असंख्य उतारे आमच्या हातून गेले. आरंभीं पीकपेऱ्यांत ज्वारी, तूर, मूग, करडई, जवस अशीं नांवें ओळीनें येत. निवृत्तीच्या सुमारास बहुतेक ठिकाणीं सोयाबीन व हळद यांवांचून फारसें कांहीं लिहावयास उरलें नव्हतें. पैशाचा हिशेब पाहतां यांत शेतकऱ्याची चूक म्हणवत नाहीं. परंतु जें रानांतून गेलें तें ताटांतूनहि गेलें, याकडे नरसी नामदेव व आसपासच्या शेतकरी बंधूंचें लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मधुमेह आतां केवळ शहरांतील पेढीवाल्यांचा रोग राहिला नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांत सुमारें दहा कोटि मधुमेही असल्याचें दिसून आलें. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं तर असें दाखविलें आहे कीं, अंगानें कृश दिसणाऱ्या आपल्या लोकांतहि चरबीचें प्रमाण अधिक असतें, व ती विशेषतः पोटाकडे सांठते. तेव्हां 'आम्ही कोठें लठ्ठ आहों?' हें समाधान फोल आहे. आम्ही स्वतः सडपातळ. तरी निवृत्तीच्या वर्षींच आमच्या रक्तांत साखर निघाली.

ज्वारी हें औषध नव्हे. भाकरीनेंहि साखर वाढतेच, आणि भाकरीच्या भरंवशावर गोळी सोडणारा आपला घात करून घेतो. परंतु पांढरा भात, मैद्याचीं बिस्किटें व दिवसांतून चार वेळां गोड चहा यांहून न चाळलेल्या पिठाची भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी व जवसाची चटणी हें जेवण निःसंशय बरें. (थापण्याचे कष्ट घरांतील स्त्रियांचे, हेंहि पुरुषांनीं ध्यानीं ठेवावें.)

माणशीं रोज पाव किलो धरल्यास पांच माणसांस वर्षाला सुमारें साडेचार क्विंटल ज्वारी लागते. तेवढ्यास साधारण एक एकर रान पुरावें. कडबा बैलांस होतो तो निराळाच. मात्र रब्बीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत व्हावयास हवी, आणि सोयाबीन उभें असतां रान मोकळें होत नाहीं. म्हणून त्या एकरांत मृगांत मूग किंवा उडीद घ्यावा; तो वेळेवर निघतो व डाळहि घरची होते.

खरी अडचण पांखरांची आहे. एकट्यानें ज्वारी पेरली कीं साऱ्या शिवारांतलीं पांखरें त्याच्याच कणसांवर उतरतात, व पुढील वर्षीं तो गृहस्थ ज्वारीचें नांव घेत नाहीं. यास्तव बांधाला बांध लागून असलेल्या चार-पांच जणांनीं एकत्र विचार करून सलग पट्टा पेरावा व राखणीच्या पाळ्या लावून घ्याव्या. आमच्या शेजारच्या तिघांनीं यंदा होकार दिला आहे. चौथ्याचें रान मधोमध आहे. त्याच्याकडे आम्ही पुन्हां जाणार आहों.