जवाहिऱ्याचे घर



कुरकुंभच्या आमच्या जुन्या घराचा विषय गेल्या दिवाळीत पुन्हा निघाला. पुणे–सोलापूर महामार्ग तेथून हाकेच्या अंतरावर आहे आणि औद्योगिक वसाहत झाल्यापासून त्या जागेला चांगले मोल आले आहे. आजोबांच्या काळी पुढच्या दालनात धान्याचे दुकान, मागे कोठार आणि माडीवर संसार अशी व्यवस्था होती. पुढे दुकान दौंडला गेले, कोठारात खतांच्या गोण्या आल्या. नंतर खोल्या कारखान्यांतील कामगारांना भाड्याने दिल्या. आता काही वर्षे कुलूप आहे. “विकून मोकळे होऊ,” असे थोरले बंधू म्हणाले. त्यांचे म्हणणे गैर नव्हते. पत्रे गळतात, घरपट्टी चुकत नाही आणि भावंडांपैकी कोणी तेथे राहावयास जाणार नाही. मला उत्तर सुचले नाही.

त्यानंतर व्यापाराच्या कामासाठी मुंबईस गेलो असता गावदेवीतील लॅबर्नम रस्त्यावरचे मणिभवन पाहण्याचा योग आला. वाचकांपैकी पुष्कळांनी ते गांधीजींचे स्मारक म्हणून पाहिले असेल. मी मात्र त्या दिवशी ते एका जवाहिऱ्याचे घर म्हणून पाहिले.

रेवाशंकर जगजीवन झवेरी हे त्या घराचे धनी. गांधीजींचे विलायतेपासूनचे स्नेही डॉ. प्राणजीवन मेहता यांचे ते बंधू. रेवाशंकरभाईंच्या नावाने चालणाऱ्या जवाहिरांच्या पेढीत श्रीमद् राजचंद्र भागीदार होते. जुलै १८९१ मध्ये गांधीजी बॅरिस्टर होऊन मुंबईस उतरले, त्याच दिवशी त्यांची आणि श्रीमदांची भेट झाली. लाखोंचा सौदा आटोपताच हा गृहस्थ धर्मग्रंथ किंवा आपली वही उघडून बसतो, याचे गांधीजींना केवढे नवल वाटले होते, ते त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. श्रीमदांचे देहावसान १९०१ मध्ये झाले. पेढीशी जुळलेला स्नेह मात्र टिकला. त्या स्नेहापोटीच १९१७ पासून १९३४ पर्यंत गांधीजींचा मुंबईतील मुक्काम मणिभवनात होत राहिला.

त्या काळात या घराने काय काय पाहिले! गांधीजी आजारातून उठत होते, तेव्हा त्यांच्या खोलीत चरखा सुरू झाला. पेळूंसाठी पिंजलेला कापूस मिळेना. घरावरून रोज एक पिंजारी धनुकलीचा टणत्कार करीत जात असे. त्याला वर बोलावले. तो गाद्यांसाठी कापूस पिंजणारा. त्याने पेळूंसाठी पिंजण्याचे कबूल केले, पण दर चांगलाच चढा सांगितला आणि गांधीजींनी तो दिला. जवाहिरांची पारख करणाऱ्यांच्या घरात पिंजाऱ्याशी भाव ठरतो आहे, हा प्रसंग मला फार आवडतो.

पण सगळे प्रसंग इतके सौम्य नव्हते. ७ एप्रिल १९१९ रोजी वृत्तपत्रांचा कायदा मोडून ‘सत्याग्रही’ हे पत्रक येथून निघाले. नोव्हेंबर १९२१ मध्ये मुंबईत दंगल उसळली, तेव्हा शांततेसाठी गांधीजींनी येथेच चार दिवसांचे उपोषण केले. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे पोलीस आले आणि गच्चीवर तंबूत निजलेल्या गांधीजींना अटक करून घेऊन गेले.

आपण व्यापारी माणसे आहोत. सरकारदरबारी नाव गढूळ होणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी सांगावयास नको. पेढीची पत, देणेकऱ्यांचा विश्वास, शेजाऱ्यांचे डोळे, सगळेच पणाला लागते. राजाशी भांडणाऱ्या पाहुण्यास एक रात्र ठेवून घेणे समजू शकते. या घराचा दरवाजा सतरा वर्षे उघडा राहिला. देणगीची पावती फाडून मोकळे होण्यापेक्षा हे किती अवघड आहे, याचा विचार मी जिना उतरताना करीत होतो.

१९५५ मध्ये गांधी स्मारक निधीने ही वास्तू स्मारकासाठी ताब्यात घेतली. आज तेथे ग्रंथालय व संग्रहालय आहे आणि दुसऱ्या मजल्यावर ती खोली चरख्यासह जपली आहे. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग येथे येऊन गेले, २०१० मध्ये बराक ओबामा.

आमच्या घरी असे कोणी थोर आले नव्हते. मात्र आजी होती तोवर सोलापूरच्या वाटेने विहार करणारी साधुमंडळी कोठाराशेजारच्या खोलीत रात्री थांबत. आजी दुपारीच ती खोली झाडून ठेवी आणि पाणी उकळून गार करण्यास लावी. दुकान हलले, तशी ही रीतही सुटली. कोणी ठरवून बंद केली नाही. आता त्याच वाटेवर पायी चालणाऱ्यांच्या शेजारून टँकर धावतात.

परत आल्यावर बंधूंना मी एक हिशेब मांडून दाखविला. पुढची दोन दालने दुकानांसाठी भाड्याने द्यावी, त्या उत्पन्नातून डागडुजी व घरपट्टी भागवावी आणि मागची खोली व कोठार विहारातील मुक्कामासाठी राखावे. त्यांनी कागद दोनदा वाचला. “आकडे जुळतात,” ते म्हणाले, “पण साध्वीजी तिन्हीसांजेला दाराशी आल्या, तर किल्ली घेऊन कोण जाणार?”

खरा प्रश्न हाच आहे. मी दौंडला राहतो, त्यामुळे तूर्त माझे नाव पुढे केले आहे. पर्युषणानंतर सर्व भावंडे कुरकुंभला जमणार आहेत. तोवर कोठारावरचे पत्रे बदलून घेतो आहे.