‘साभार’ पुरे, नोइंडेक्स द्या

दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू झाली की आमच्या टपालात एकाच तक्रारीची पत्रे वाढतात. यंदाही वाढली आहेत. तपशील वेगळे, कथा तीच. लेख आधी स्वतःच्या संकेतस्थळावर टाकला, मग एका मोठ्या वृत्तपोर्टलने मागितला म्हणून आनंदाने दिला, आणि काही दिवसांत शीर्षक जसेच्या तसे टाकून शोधले तरी वर पोर्टलच. सर्च कन्सोलमध्ये पत्ता तपासला की शेरा दिसतो: डुप्लिकेट, गूगलने वेगळे कॅनॉनिकल निवडले. लेखाखाली ‘अमुक अंकातून साभार’ ही ओळ मात्र असते. तीही बहुतेकदा दुव्याविना.

यावर सभासदांचे पहिले वाक्य ठरलेले: ‘आम्हाला पेनल्टी लागली.’ मंडळी, हा शब्द आता सोडा. एखादा मजकूर दोन ठिकाणी आहे एवढ्यासाठी दंड होत नाही, हे गूगलने २००८ मध्येच जाहीरपणे सांगून टाकले आहे. एकसारखी पाने एका गटात बांधली जातात, त्यांतले एक पुढे येते आणि बाकीच्यांकडे आलेल्या दुव्यांचे वजनही त्याच्याच खात्यात जमा होते. कोणते पान पुढे यावे याचे संकेत अनेक असतात. पण वर्षातून एक अंक काढणाऱ्या आपल्या संकेतस्थळाकडे बॉट कधीमधी फिरकतो, पोर्टलवर तो तळ ठोकून असतो. ही लढत कशी संपणार हे सांगायला ज्योतिषी नको.

‘पण आम्ही त्यांना कॅनॉनिकल लावायला सांगितले होते,’ असे निम्मे पत्रलेखक म्हणतात. हा टॅग गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून २००९ च्या फेब्रुवारीत आणला आणि त्याच वर्षअखेरीस गूगलने तो एका डोमेनवरून दुसऱ्या डोमेनकडेही मान्य केला. तेव्हापासून सल्लागार मंडळी तेच औषध देत आली आहेत. परंतु तो टॅग सुचवतो, बांधून घेत नाही. आणि मे २०२३ मध्ये तर गूगलने स्वतःचे मार्गदर्शनच बदलले: भागीदारांना दिलेल्या लेखांसाठी कॅनॉनिकलची शिफारस नाही, कारण दोन्हीकडची पाने अनेकदा फार वेगळी असतात. लेख तोच असला तरी भोवतालचा मेनू, ‘हेही वाचा’चे चौकोन, जाहिराती, बदललेले शीर्षक हे सगळे मिळून पान निराळे होते. त्यावर गूगलचा उपाय असा, की भागीदारानेच आपल्याकडच्या प्रतीचे अनुक्रमण रोखावे, म्हणजे नोइंडेक्स लावावा. या बदलाला वर्षे उलटली. आपल्यापैकी किती जणांच्या पत्रव्यवहारात तो उतरला आहे?

आता खरा तंटा. भागीदाराला नोइंडेक्स मागून पाहा. पहिले उत्तर येते, ‘टेक टीमला कळवले आहे.’ दुसरे, ‘आमच्या सीएमएसमध्ये तशी सोय नाही.’ जिथे वर्डप्रेसच्या साध्या योस्ट प्लगिनमध्येही प्रत्येक नोंदीखाली ही निवड मिळते, तिथे एवढ्या मोठ्या यंत्रणेत ती नाही, यावर विश्वास ठेवायचा. तिसरे उत्तर निदान प्रामाणिक असते: ‘नोइंडेक्स लावला तर डिस्कव्हरची वाहतूक जाईल.’ बरोबर आहे. जे पान अनुक्रमणातच नाही ते डिस्कव्हरमध्ये येत नाही. म्हणजे पोर्टलला तुमच्या लेखातून हवी आहे ती नेमकी तीच वाहतूक, जी तुमच्याकडे यायला हवी होती. ‘साभार’ या ओळीआड हा सौदा झाकलेला असतो.

चौथ्या प्रकारच्या उत्तराला तर तोड नाही. एका सभासदाला कळवण्यात आले की, ‘आपल्या समाधानासाठी दुहेरी बंदोबस्त केला आहे. पानांवर नोइंडेक्सही लावला आणि रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये तो विभाग बंदही केला.’ पाहुण्याला निरोपाची चिठ्ठी घरात टेबलावर ठेवावी आणि बाहेरून दाराला कुलूप लावावे, तसा हा बंदोबस्त. बॉटला पानावर जाण्यास मनाई केली की त्याला नोइंडेक्स वाचताच येत नाही, आणि बाहेरच्या दुव्यांच्या बळावर तो पत्ता निकालात राहू शकतो. सभासदाने हे लिहून कळवले, तेव्हा ‘आपली विनंती बंद करण्यात आली आहे’ असा स्वयंचलित मेल आला. तिकीट क्रमांकासह.

आणखी एक पळवाट सध्या दिसते. नोइंडेक्स लावतात, पण फक्त गूगलबॉट-न्यूजसाठी. याने गूगल न्यूजमधली प्रत जाते, साध्या शोधातली जागच्या जागी राहते. तेव्हा ‘लावला आहे’ या शब्दावर विसंबू नका. पेज सोर्स उघडा आणि मेटा टॅगमध्ये कोणत्या बॉटचे नाव आहे ते स्वतः वाचा. तिथे काही दिसले नाही तर एचटीटीपी हेडरही तपासा, सूचना तिथूनही देता येते.

मग तक्रार कुठे करायची? इथे आपलेच हात बांधलेले आहेत. गूगलच्या रिमूव्हल्स साधनातून फक्त स्वतःच्या मालमत्तेतले पत्ते काढता येतात, तेही तात्पुरते. स्वामित्वहक्कभंगाचा अर्ज चोरलेल्या प्रतीसाठी असतो, आणि तुम्ही तर परवानगी दिलेली. चोराविरुद्ध निदान कॉपीराइट नियम, २०१३ चा नियम ७५ आहे. योग्य नोटीस मिळाल्यावर मजकूर साठवणाऱ्या मध्यस्थाने ३६ तासांत तो पोहोचेनासा करायचा आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणायची जबाबदारी आपली. राजीखुशीने दिलेल्या लेखाला असे काहीही लागू नाही. तिथे कामाला येतो तो एकच कागद, करारनामा. आणि तो आपल्याकडे नसतो. असतो तो व्हॉट्सॲपवरचा ‘चालेल’ आणि त्यापुढचा अंगठा.

या कागदाबाबत सभासदांना दोन शब्द कडू सुनावणे भाग आहे. जो लेख तुम्ही पोर्टलला देऊन टाकता, तो देण्याचा अधिकार तुम्हाला आहे का? बाहेरच्या लेखकाने लिहिलेल्या लेखाचा पहिला हक्कदार तो लेखक. मानधनाचे पाकीट दिले म्हणजे पुनःप्रकाशनाचे हक्क आले, हा समज कॉपीराइट कायद्यात बसत नाही. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी लागते आणि कोणते हक्क दिले ते त्यात नमूद लागते. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असे गृहीत धरले जाते. लेखकाला न विचारता त्याचा लेख तिसऱ्याला द्यायचा आणि मग तिसऱ्याने आपल्याला विचारले नाही म्हणून रडायचे, हे शोभत नाही.

त्याच कायद्याचे कलम ५२ चाळताना एक खाचही पाहून ठेवा. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक वा धार्मिक विषयावरचा लेख दुसऱ्या नियतकालिकाने छापला तर तो हक्कभंग ठरत नाही, जर लेखकाने पुनर्मुद्रणाचा हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल. अंकाच्या श्रेयनामावलीत कुठेतरी दडलेली ‘सर्व हक्क राखीव’ ही ओळ कुणाच्या वतीने आहे, हा वाद आयत्या वेळी घालण्यापेक्षा प्रत्येक लेखाखाली लेखकाच्या नावाने ती द्या. वेबवरच्या प्रतीतही द्या.

आणि ते आरएसएस फीड! पूर्ण मजकूर फीडमध्ये सोडून चोरीची तक्रार करणारी पत्रे आम्ही यापुढे छापणार नाही. वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण मजकुराऐवजी सारांश निवडायला एक मिनिट लागते.

तर यंदाच्या मोसमासाठी आमचे म्हणणे असे. पोर्टल विचारील तेव्हा आधी एक पानाचे पत्र पाठवा. त्यात नोइंडेक्सची अट, लेखाच्या सुरुवातीलाच मूळ पानाचा दुवा, मूळ पान अनुक्रमित झाल्यानंतरच प्रसिद्धी आणि अट मोडल्यास ठरावीक दिवसांत लेख उतरवण्याची हमी, एवढे हवेच. नोइंडेक्स पानावरच्या दुव्याला गूगल पुढे फारशी किंमत देत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण त्या दुव्यावरून माणसे येतात आणि वर्गणी माणसेच भरतात. पोर्टलने अट नाकारली तर पूर्ण लेख देऊ नका. दोन परिच्छेद आणि दुवा द्या, किंवा त्याच लेखकाकडून त्यांच्यासाठी वेगळा मजकूर लिहून घ्या. तरीही पूर्ण लेख अनुक्रमणासह द्यायचा असेल तर तुम्ही शोधातली जागा विकत आहात हे ध्यानात ठेवून, लेखकाला विचारून, त्याची रोख किंमत घ्या. फुकट मुळीच नको.

एकेकट्याने हे पत्र पाठवले तर ते कचऱ्यात जाईल, हे आम्हालाही कळते. म्हणून प्रत्येक सभासदाने आपल्या पत्राची आणि आलेल्या उत्तराची प्रत या महिनाअखेरपर्यंत संपादकीय पत्त्यावर पाठवावी. कोणत्या पोर्टलने काय उत्तर दिले याचा तक्ता पुढच्या अंकात, दिवाळीचे लेख हातावेगळे होण्याआधी, छापायचा आहे. उत्तर आलेच नाही तर तसे कळवा. त्यासाठी तक्त्यात वेगळा रकाना ठेवला आहे.