डबा रिकामा परत करायचा नसतो

शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. घरात काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर घालायची, पण डबा तसाच धाडायची नाही. ओरेगनच्या रानात, एका आडव्या पडलेल्या खोडाच्या ढोलीत खांद्यापर्यंत हात घालून बसलेली माझी नऊ वर्षांची नात हाच नियम मला समजावून सांगू लागली, तेव्हा त्या भुरभुर पावसातही मला हसू आलं.

संक्रांत झाल्या झाल्या मी पोर्टलंडला लेकाकडे आले. इथे आजी आली की तिला धबधबा दाखवतात, मॉल दाखवतात. मला पहिल्याच रविवारी बूट घालून झाडीत नेलं. या प्रकाराला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी मोबाइल घेऊन तो हुडकायचा. सापडला की आतल्या वहीत आपलं टोपणनाव आणि तारीख लिहायची. आतली एखादी वस्तू आवडली तर खुशाल घ्यायची, पण त्याच तोलाची दुसरी ठेवायची. मग डबा होता तिथे, होता तसा लपवून चालू पडायचं. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत.

मोबाइल सगळं सांगतो, असा माझा समज होता. तो फक्त आसपास नेऊन सोडतो. उंच डग्लस फरखाली उपग्रहाचे संदेश धड पोचत नाहीत, त्यामुळे पडद्यावरचा बाण एकदा उजवीकडे पळायचा, एकदा आमच्या पाठीमागे. "चार मीटर" म्हणे. चार मीटरांत किती नेचे, किती शेवाळ आणि किती ढोल्या मावतात ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. वीस मिनिटांनी नात म्हणाली, "आजी, फोन नको बघूस. तू लपवला असतास तर कुठे ठेवला असतास?"

"तांदळाच्या डब्यात," मी म्हटलं. आमच्या पिढीच्या बायकांचं दुसरं उत्तर असूच शकत नाही.

शेवटी डबा मलाच दिसला. म्हणजे डबा नव्हे, सालींचे तुकडे. एकाच मापाचे, एकावर एक नीट रचलेले. निसर्ग इतकी टापटीप ठेवत नाही, ती माणसाचीच. हात घालणार एवढ्यात वाटेवरून एक बाई धावत आल्या आणि नात पटकन खाली बसून बुटाची नाडी बांधू लागली. या खेळात नसलेल्यांना हे लोक 'मगल' म्हणतात. शब्द हॅरी पॉटरमधून उचललेला. मगलांसमोर डबा काढायचा नाही. मी उगाच झाडाचा शेंडा न्याहाळत राहिले. माझ्या वयाला ते शोभलंही.

या सगळ्याचं मूळ गाव इथून तासाभराच्या आत आहे. पूर्वी अमेरिका सामान्य माणसाला मिळणाऱ्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, शंभर मीटरपर्यंतची. 1 मे 2000 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही भेसळ बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि रातोरात अचूकता सुमारे दहापट वाढली. दोनच दिवसांनी, 3 मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी प्लास्टिकची बादली ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवरच्या एका चर्चागटात टाकला. बादलीत सॉफ्टवेअर, व्हिडिओ कॅसेट, पुस्तक, थोडे डॉलर, गलोलीचा दांडा आणि बीन्सचा डबा. तीन दिवसांत दोघांनी ती शोधलीसुद्धा. आता तिथे दगडावर एक पाटी आहे, तिच्यापाशी फोटो काढून घ्यायला लोक येतात. आम्हीही काढला. तो बीन्सचा डबा म्हणे आजही मेळाव्यांमधून मानाच्या पाहुण्यासारखा हिंडतो. आपल्याकडे काय काय पुजतात यावर मी यापुढे बोलणार नाही.

आमच्या पुण्यात हे कसं जमायचं, हा विचार मात्र सुटत नाही. आपले कान 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ऐकत म्हातारे झाले. 2010 च्या फेब्रुवारीत तिथल्या जर्मन बेकरीत पिशवीतला बॉम्ब फुटल्यानंतर मी कित्येक दिवस हॉटेलात बसण्याआधी टेबलाखाली बघत असे. झुडपात हात घालताना नातीला डबा दिसत होता, मला आधी ती पिशवी. हे तिला सांगितलं नाही.

नातीला वाढदिवसाला आईबापांनी याच छंदाच्या खोक्याची वर्गणी भरून दिली आहे. दर महिन्याला एक विषय, त्या विषयाच्या वस्तू. आम्ही चांदोबाची वाट बघायचो तशी ही पोस्टमनची बघते. एकदा खोकं वाटेत कुठे अडकलं आणि तीन आठवडे घरात सुतक होतं. या महिन्याचा विषय होता वेशांतर. ती खोकं फाडत नाही. चिकटपट्टी नखाने सोलते, पातळ कागद बाजूला घडी करून ठेवते, मग एकेक वस्तू हुंगते. पोकळ दगड निघाला, भिजला तरी न विरघळणाऱ्या कागदाच्या गुंडाळ्या निघाल्या, त्या ओढून काढायला चिमटा निघाला आणि आतून पोकळ, बुडाशी चुंबक असलेला एक बोल्ट. मला खरं तर विकतचं आश्चर्य फारसं पटत नाही. पण तो बोल्ट तिने फ्रिजच्या बिजागरीशेजारी चिकटवला आणि मी तीन दिवस त्याच फ्रिजमधून दूध काढत राहिले. काखेत कळसा. चौथ्या दिवशी तिने चिमट्याने आतली चिठ्ठी काढून मला सही करायला लावली.

त्या खोक्याशेजारीच कोपऱ्यात मी आणलेला सावंतवाडीचा भोवरा पडून होता. लाखेच्या रंगाचा, चुटकीने फिरवायचा, बोटाएवढा. तिने तो आल्या दिवशी एकदा बघून ठेवून दिला होता. मी काही म्हटलं नाही.

तर त्या रविवारी, ढोलीतल्या डब्यातून तिने अस्वलाची एक किल्लीकडी घेतली. मी पिशवीतून तिळाच्या वड्या काढल्या. डबा रिकामा कसा ठेवायचा? "आजी, खायचं ठेवायचं नाही. वास येऊन प्राणी डबा फोडतात." मग तिने कोटाच्या खिशातून भोवरा काढून त्यात टाकला. तोलाने तोल झाला. परतीच्या वाटेवर वड्या मीच खाल्ल्या.

तीन आठवड्यांनी ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. त्या डब्याच्या ऑनलाइन नोंदीखाली कुणीतरी लिहिलं होतं की मुलाने एक लाकडी भोवरा घेतला आणि जेवायचं सोडून संध्याकाळभर फरशीवर फिरवत बसला.

"आजी, तो इतका वेळ फिरतो?"

"फिरतो."

"तसा अजून एक आहे?"

त्या दिवशी मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा म्हटलं, "आहे. शोध." दप्तरही न काढता ती तांदळाच्या डब्याकडे धावली.