नंबर लागंल का?

मे-जून आला की गावाकडून फोन सुरू होतात. आपण पुण्यात, त्यातून आयटीत, म्हणजे आपल्याला सगळ्या कॉलेजांचं सगळं माहीत, असा कळंबपासून परांड्यापर्यंत सगळ्यांचा पक्का समज. "दादा, पोराला एवढे पडलेत. लागंल का नंबर?" प्रश्न एवढाच असतो. उत्तरही एवढंच हवं असतं, हो किंवा नाही. आणि आपल्यातले बरेच जण ते देऊनही टाकतात. लंच टाइमला मोबाइलवर एखादा प्रेडिक्टर उघडायचा, आकडे टाकायचे आणि "काका, सत्तर टक्के चान्स आहे" म्हणून मोकळं व्हायचं.

माझं म्हणणं असं की हा टक्का सांगणं आपण बंद करावं.

का ते सांगतो. २०२५ चे आयआयटीचे आकडे घ्या. जेईई मेनला साधारण १५ लाख मुलं बसली. अ‍ॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १ लाख ८० हजार ४२२ जणांनी दिले, त्यातले ५४ हजार ३७८ पात्र ठरले. आणि २३ आयआयटी मिळून जागा होत्या १८ हजार १६०. मग चान्स किती? मेनला बसलेल्यांत शंभरात जेमतेम एक. अ‍ॅडव्हान्स्ड दिलेल्यांत दहात एक. पात्र ठरलेल्यांत तिघांत एक! अंश तोच, फक्त छेद बदलला. तिन्ही उत्तरं बरोबर आणि काकांच्या पोरासाठी तिन्ही बिनकामाची. कारण ते पोर म्हणजे सरासरी नव्हे. त्याची शाळा, त्याचा तालुका, त्याच्या बापाचं रान आणि खिशातले कागद हे सगळं त्या चान्समध्ये आहे. प्रेडिक्टरमध्ये यातल्या फार थोड्या गोष्टी टाकता येतात.

धाराशिव जिल्ह्यातल्या मुलाला पहिला फाटा लागतो तो पाचवीत. जिल्ह्याचं नवोदय विद्यालय तुळजापूरला आहे. सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी. राहणं, जेवण, शिक्षण फुकट. परीक्षा मात्र एकदाच देता येते. ज्या शाळेतल्या गुरुजींनी आठवणीने फॉर्म भरून घेतले तिथली मुलं रांगेत उभी राहिली. बाकीच्यांना अशी काही रांग होती हेच माहीत नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोराची यात काय चूक?

दुसरा फाटा दहावीनंतर, लातूरचा. १९८२ पर्यंत लातूर आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. पुढे 'लातूर पॅटर्न' झाला आणि आपल्या जिल्ह्यातल्या आईबापांसाठी हुशार पोरगं म्हणजे लातूर हे समीकरणच झालं. पण लातूर म्हणजे खोलीचं भाडं, मेस, क्लासची फी. ज्याला परवडलं तो गेला. म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधीच अर्धा निकाल लागलेला असतो.

तिसरा फाटा नियमांचा, आणि तो पोराच्या हातात अजिबात नसतो. मेडिकलचं उदाहरण बघा. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या प्रवेशाला ७०:३० चं सूत्र होतं. विभागातल्या कॉलेजांच्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यातल्या बाकीच्यांना. ऐकायला छान. पण मराठवाड्यात कॉलेजं मोजकी आणि लातूर पॅटर्नमुळे चांगले मार्क घेणारी पोरं भरपूर. त्यामुळे तेवढ्याच मार्कांवर दुसऱ्या विभागातलं पोरगं डॉक्टर व्हायचं आणि आपलं घरी बसायचं. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने हे सूत्र रद्द केलं. त्यावर दोन मतं होती आणि असतील. २०२२ मध्ये धाराशिवलाच १०० जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. आता गंमत बघा, या दोन निर्णयांनी पोरांची बुद्धी एका मार्काने वाढली नाही. चान्स मात्र बदलला. म्हणून मी म्हणतो, चान्स म्हणजे मुलाच्या कपाळावर लिहिलेला आकडा नाही. तो बराचसा आजूबाजूच्या व्यवस्थेने ठरतो, आणि त्यातला एक छोटा तुकडा आपल्यासारख्यांच्या हातात असतो.

तो तुकडा म्हणजे कागद आणि यादी.

कागदांचं घ्या. आयआयटी-एनआयटीला ओबीसीतून प्रवेश हवा तर नॉन क्रिमिलेयरचं सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यात लागतं, तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. आपल्याकडे लोक सेतूतून राज्याच्या नमुन्यातलं काढतात आणि निर्धास्त होतात. गावाकडच्या एका मुलाचं असंच झालं. रँक चांगली, कागद चुकीचा, गेला सरळ ओपनमध्ये. मराठा समाजासाठी २०२४ च्या कायद्याने आलेलं एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे, आयआयटीला त्याचा उपयोग नाही. तिथे ईडब्ल्यूएस बघावं लागतं. आणि त्यात आठ लाखांच्या उत्पन्नाच्या अटीबरोबर पाच एकरांची अट आहे. भूम-परांड्याकडे सहा एकर कोरडवाहू असलेल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न आपल्या एका महिन्याच्या पगाराएवढं नसेल, तरी तो त्यात बसत नाही. ही अट मला साफ अन्यायाची वाटते. बागायत आणि कोरडवाहू एका फुटपट्टीने मोजणाऱ्याने आमची रानं पाहिलेली नाहीत.

फीचंही तसंच. घरचं उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर आयआयटीत ट्यूशन फी पूर्ण माफ होते, एक ते पाच लाखांत दोन तृतीयांश. राज्यात २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतल्यावर ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे. "पोरीला एवढं शिकवायला परवडत नाही" असं म्हणणाऱ्या घरात ही एक ओळ कोणीतरी जाऊन सांगायला हवी.

आता यादी. हा खास आपल्या धंद्यातला विषय. आयआयटी-एनआयटीच्या जागा २०१५ पासून जोसामार्फत एकत्र वाटल्या जातात. त्यामागचा अल्गोरिदम १९६२ मध्ये गेल आणि शॅप्ली यांनी मांडलेल्या कल्पनेवर बसवलेला आहे (शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या कामासाठी). त्याचा गुण असा की यादीत वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालच्या कॉलेजातला तुमचा हक्क जराही कमी होत नाही. वरचं नाही मिळालं तर खालचं जसं मिळायचं तसंच मिळतं. म्हणजे जे खरोखर हवंय ते वर लिहावं. साधी गोष्ट! पण गावाकडे उलटं चालतं. "वरचं मागून उगं नंबर कशाला घालवायचा" म्हणून लोक सेफ कॉलेज पहिलं लिहितात. राज्याच्या इंजिनिअरिंग कॅपमध्ये तर पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत जाताच येत नाही. भीतीपोटी पहिल्या ओळीत लिहिलेलं कॉलेज मग चार वर्षं गळ्यात. जरा वरचं मिळण्याएवढी रँक असूनही.

आता सांगा, सत्तर टक्के म्हणणं जास्त कामाचं की अर्धा तास बसून ही यादी लावून देणं?

आणि तो टक्का फुकटही नसतो. "थोडक्यात हुकलंय काका, अजून एक वर्ष दिलं तर होईल" हे आपण एसीत बसून सहज बोलतो. तिकडे त्या वाक्यावर घरातली म्हैस विकली जाते आणि पोरगं लातूरला रिपीटर बॅचला बसतं. वर्षभर ते पोर आपण सांगितलेला आकडा छातीवर घेऊन झोपतं. नंबर नाही लागला तर ते स्वतःलाच कमी समजतं. आपण तोवर विसरलेलो असतो.

हे सगळं करूनही १८ हजार जागा १८ हजारच राहतात, हे मला कळतं. आपल्या ओळखीतल्या बऱ्याच पोरांना आयआयटी मिळणार नाही, आणि त्यांना तसं सांगायलाही हवं. पण ज्याची रँक आली त्याचा नंबर कागदापायी किंवा यादीपायी जाऊ नये, एवढं तरी आपल्याला नक्की जमतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी फोन आला की टक्का सांगू नका. उलट विचारा: सर्टिफिकेट कुठल्या नमुन्यातलं आहे, कधी काढलंय, यादी कोणी लावली, पहिलं काय लिहिलंय. आणि घरात कोणी पाचवीत असेल तर नवोदयचा फॉर्म भरला का, हेही विचारून घ्या.