मुलांच्या बॅकअपचं कुलूप काढू नका

मुलांच्या फोनवर नजर ठेवणाऱ्या काही ॲपच्या सूचनांत एक पायरी हमखास असते. फोनच्या बॅकअपचं एन्क्रिप्शन, म्हणजे त्याचं पासवर्डाचं कुलूप, बंद करा. काही ठिकाणी पुढे असंही लिहिलेलं असतं की ॲपल आयडीचा पासवर्ड आम्हाला द्या आणि लॉगिनची दुहेरी पडताळणी काढून टाका. आई-बाबा काळजीत असतात. मुलगी हल्ली गप्प असते, मुलगा रात्री उशिरापर्यंत फोनवर असतो. मग एन्क्रिप्शनच्या चौकटीतली खूण काढली जाते आणि 'ओके' दाबलं जातं. त्या खुणेसाठीच हा लेख आहे.

ही पायरी का लागते, ते आधी पाहू. आयफोन एका ॲपला दुसऱ्या ॲपमधला मजकूर वाचू देत नाही. म्हणून ही ॲप फोनला वळसा घालून त्याच्या प्रतीकडे, म्हणजे घरच्या संगणकावरच्या किंवा आयक्लाउडवरच्या बॅकअपकडे जातात. संगणकावरच्या बॅकअपचा फोल्डर उघडलात तर आत चाळीस अक्षरांच्या अगम्य नावांच्या हजारो फाइली दिसतील. कुणाला काय कळणार, असं वाटतं. पण एन्क्रिप्शन बंद असेल तर त्यातल्या एका फाइलीत सगळे मेसेज असतात आणि दुसरीत व्हॉट्सॲपवरचं बोलणं. अनेक फोटोंच्या फाइलीच्या नावापुढे नुसतं 'जेपीजी' जोडलं की फोटो समोर येतो. यासाठी हॅकर लागत नाही, हे सगळं वाचून दाखवणारी साधनं फुकट मिळतात. फोनला फेस आयडी असो की सहा आकडी पासकोड, या फोल्डरवर त्याचा काहीच अंमल नाही. लॅपटॉप दुरुस्तीला गेला, जुना म्हणून विकला किंवा कुणी पेन ड्राइव्हवर फोल्डर उतरवून नेला, की मुलाचं सगळं आयुष्य त्याच्यासोबत गेलं.

शिवाय ही निवड त्या एका संगणकापुरती राहत नाही. ती फोनमध्ये नोंदली जाते. पुढे ज्या संगणकावर बॅकअप घ्याल, तिथेही तो उघडाच तयार होतो.

ही भीती कल्पनेतली नाही. 'टीनसेफ' हे अमेरिकन ॲप मुलांचे मेसेज आणि ठावठिकाणा पालकांना दाखवायचं, आणि त्यासाठी दुहेरी पडताळणी बंद करायला लावायचं. मे 2018 मध्ये उघड झालं की त्याचे दोन सर्व्हर पासवर्डाविना इंटरनेटवर खुले होते. त्यांतल्या एकावर पालकांचे ईमेल होते, मुलांचे ॲपल आयडी होते आणि त्या आयडींचे पासवर्ड जसेच्या तसे, वाचता येतील असे लिहिलेले होते. पडताळणी आधीच काढलेली, त्यामुळे त्या मुलांच्या खात्यांत शिरायला आडकाठी उरली नव्हती. त्याच वर्षी 'फॅमिली ऑर्बिट' या दुसऱ्या ॲपकडचे 281 जीबी फोटो आणि व्हिडिओ सहज सापडणाऱ्या पासवर्डामुळे परक्याच्या हाती लागले. मुलांच्या रक्षणाचं आश्वासन देऊन गोळा केलेले हे फोटो होते, याची मला अजून चीड येते.

आणि त्या बॅकअपमध्ये तुमचं मूल एकटं नसतं. मैत्रिणीने रात्री रडत लिहिलेला मेसेज, वर्गमित्राने विश्वासाने सांगितलेली घरची अडचण, हे सगळं त्यात असतं. त्या मुलांच्या आई-वडिलांना आपण विचारलं आहे का?

याहून खोल नुकसान वेगळं आहे. तुझ्यावर प्रेम आहे म्हणून तुझा पासवर्ड मला दे, लपवण्यासारखं काही नसेल तर कुलूप कशाला, हीच भाषा पुढे मुलीला धाकात ठेवणारा मित्र बोलतो, मुलांना जाळ्यात ओढणारा अनोळखी माणूसही बोलतो. ती ओळखून नकार देण्याची ताकद मुलांना घरातूनच मिळायला हवी. आपल्या देशाच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला कंपन्यांना मनाई करणारी तरतूद आहे. कायदा जे दार लावू पाहतो आहे, ते घरातून उघडलं जाऊ नये.

लक्षच ठेवू नका, असं मी म्हणत नाही. लहान मुलांसाठी आयफोनवर स्क्रीन टाइम आहे, अँड्रॉइडवर फॅमिली लिंक आहे. वेळेची मर्यादा, ॲपची परवानगी, वयाला न शोभणाऱ्या मजकुरावर बंदी, हे सगळं एन्क्रिप्शनला हात न लावता होतं. रात्री सगळ्यांचे फोन, तुमचेसुद्धा, दिवाणखान्यात चार्जिंगला लावता येतात. कुणी धमकावत असेल, फोटोंवरून पैसे मागत असेल तर मुलासोबत बसून ते मेसेज पाहा, पुसू नका आणि 1930 वर तक्रार करा. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे, हेही त्याला सांगून ठेवा.

ज्यांनी खूण काढली आहे त्यांनी फोन संगणकाला जोडावा, 'एन्क्रिप्ट लोकल बॅकअप'समोर ती परत लावावी आणि नवा पासवर्ड मुलासोबत बसून ठरवावा. तो वहीत लिहून ठेवा, कारण विसरलात तर तो बॅकअप उघडत नाही. आधीचे उघडे बॅकअप शोधून काढून टाका. ॲपल आयडीचा पासवर्ड कुठल्या ॲपला दिला असेल तर आजच बदला आणि दुहेरी पडताळणी चालू करा. व्हॉट्सॲपच्या बॅकअपलाही 2021 पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची सोय आहे, तीही लावा. मग शाळेच्या पालक गटात हे सांगा. पुढच्या वेळी तिथे कुणी नजर ठेवणाऱ्या ॲपची लिंक टाकली, तर गप्प बसू नका.