बोरिवलीच्या पाड्यांवर झालं ते भीमाशंकरात होऊ द्यायचं नाही



मुंबईत बोरिवलीला शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आहे. भोवती शहर वाढतंय आणि मधे डोंगर, ओढे, बिबटे. आधी त्याचं नाव कृष्णगिरी होतं, मग बोरिवली नॅशनल पार्क झालं, आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. सहलीला गेलेली पोरं वनराणी गाडीत बसतात, कान्हेरीची लेणी बघतात आणि माघारी येतात. त्या जंगलातले पाडे त्यांना कुणी दाखवत नाही.

पाडे आहेत. वारली आहेत, मल्हार कोळी आहेत, कातकरी आहेत. पार्काची पाटी लागायच्या कितीतरी आधीपासून आहेत. मुंबईला पाणी पाहिजे म्हणून इंग्रजांनी याच जंगलात 1860 साली विहार आणि 1879 साली तुळशी तलाव बांधून पुरा केला. त्या धरणांना कुणी अतिक्रमण म्हटलं नाही. पार्काच्या कडेला टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, खिडकीतून जंगल दिसतं म्हणून घरांचा भाव वाढला. त्यालाही कुणी अतिक्रमण म्हटलं नाही.

मग 1995 साली शहरातल्या पर्यावरणवाल्यांनी हायकोर्टात अर्ज केला आणि 7 मे 1997 ला अतिक्रमणं काढायचा हुकूम झाला. 1 जानेवारी 1995 च्या मतदारयादीत नाव असेल आणि सात हजार रुपये भरले तर दुसरीकडे जागा, नाहीतर काहीच नाही. हजारो झोपड्या पाडल्या. त्यात पोटासाठी मुंबईत आलेले गरीब होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेले आदिवासीही त्याच हिशेबात धरले गेले. ज्याच्या आज्यानं ती जमीन कसली, त्याला मतदारयादीचा कागद मागितला!

असं का झालं? 1972 च्या वन्यजीव कायद्यानं नॅशनल पार्कात माणसाचे हक्क संपवायचे असतात. हक्क आधी कागदावर लिहिलाच नसेल तर संपवायला कितीसा वेळ लागतो? आदिवासीचा हक्क तोंडी होता, सरकारचा नकाशा कागदावर होता. कोर्टात कागद बोलला.

आता आपल्याकडं बघा. 1985 साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 130 चौरस किलोमीटर. आंबेगाव-खेडची आपली गावं त्यात आणि त्याच्या कडेला आहेत. डिंभे धरणात आपल्या लोकांची गावं अन् भातखाचरं बुडाली, पाणी खाली बागायतीला गेलं. पुणे वाढतंय. मुंबईला फुप्फुसं पाहिजे होती, तशी उद्या पुण्यालाही लागतील. त्या वेळी आपण कागदावर कोण असणार, मालक का अतिक्रमणवाले?

माणूस हलवल्याशिवाय जनावर वाचत नाही, असं साहेब लोक सांगतात. आम्ही विचारतो, आज बिबट्या कुठं आहे? वारूळवाडी-नारायणगावच्या उसात आहे, तिथंच पिल्लं घालतो. म्हणून बागायतदाराला ऊस सोडून जा, असं कुणी म्हटलं का? ते कुणी म्हणूही नये. पण मग डोंगरातल्या ठाकराला, महादेव कोळ्यालाच कसं म्हणता? वाघबारसेला वाघोबाला निवद दाखवणारे आम्ही, आहुप्याची देवराई राखणारे आम्ही. हिरड्याचं झाड तोडलं तर पुढच्या साली पोराच्या अंगावर कापड येणार नाही, हे आम्हाला शिकवायला पुण्याहून माणूस यायला नको.

आपल्यातलं कुणी पैशासाठी झाड पाडत असेल तर त्याला पहिलं आपणच अडवू. वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय, तो वापरायचा तर अंगावर जबाबदारीही घ्यायची.

हा 2006 चा कायदा 31 डिसेंबर 2007 पासून लागू झालाय. अभयारण्यात दावा करता येत नाही, असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. कायद्यात वनजमीन म्हणजे अभयारण्य आणि नॅशनल पार्कसुद्धा. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. जनावरांसाठी एखादा भाग कायमचा मोकळा करायचाच असेल, तर आधी हक्क मान्य करावे लागतात, दुसरा उपाय नाही हे दाखवावं लागतं आणि ग्रामसभेची लेखी संमती लागते. बोरिवलीच्या लोकांच्या हातात 1997 साली हे हत्यार नव्हतं. आपल्या हातात आहे.

म्हणून प्रत्येक वाडीनं ही कामं उरकावीत :

वनहक्क समिती करा. दहा ते पंधरा माणसं, त्यात तिसरा हिस्सा तरी बाया पाहिजेत.

13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीचा दावा भरा. दंडाची पावती, जुनी नोटीस, जे असेल ते जोडा. म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घ्या, तोही पुरावा धरतात. एका पुराव्यावर भागत नाही, दोन तरी जोडा.

हिरडा, मोह, मध, चराई, पाणवठे यांचा सामूहिक दावा वेगळा भरा. तो विसरलात तर शेत राहील आणि जंगल जाईल.

दावा दिला की पोच घ्या. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा आणि साठ दिवसांत वरच्या समितीकडं अपील करा.

कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, मागणारा कुणी का असेना.

शहराला जंगल पाहिजे, तर आम्हालाही पाहिजे. शहर रविवारी बघायला येतं, आम्ही बारा महिने त्यात जगतो. जंगल राखू आणि जंगलातच राहू!

आदिवासी एकजुटीचा विजय असो!